रुप्याच्या डोंगरावर

गेल्या कार्तिकांत आम्ही जपानांत होतों. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाका शहरीं बिऱ्हाड करून आहेत. त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहावरून आम्ही तेथें दोन महिने राहिलों. क्योतो आणि नारा येथील देवालयांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील, तेव्हां त्यांत आमची भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. आज सांगावयाचें आहे तें एका ठेंगण्या डोंगराविषयीं. त्याची उंची अवघी ५३७ मीटर. आपल्याकडे सह्याद्रीच्या रांगेंत असला डोंगर असता तर गुराख्यांखेरीज त्याच्याकडे कोणी पाहिलेंहि नसतें. परंतु ह्याच्या पोटांतून निघालेलें रुपें एके काळीं अर्ध्या पृथ्वीवर फिरलें.

डोंगराचें नांव सेन्नोयामा. 'यामा' म्हणजे डोंगर. आणि आरंभीं जें 'सेन्' हें अक्षर आहे तेंच अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांनीं आपल्या 'ऋषि' शब्दासाठीं योजिलें होतें. चिरंजीवांनीं हें सांगितल्यावर आमच्यासारख्या जुन्या संस्कृत मास्तराचे पाय घरांत ठरणें कठीणच होतें. त्यांत नकाशावर डोंगराच्या पायथ्याशीं 'राकान्-जी' नांवाचें देवालय दिसलें. 'राकान्' म्हणजे काय म्हणून विचारितां, बुद्धाचे पांचशें शिष्य, असें उत्तर मिळालें. संस्कृतांतील 'अर्हन्' हा शब्द चीनमार्गें तेथें जाऊन 'आराकान्' झाला आणि पुढें त्याचें आद्याक्षर गळून 'राकान्' उरला. शब्दहि माणसांप्रमाणेंच लांबच्या प्रवासांत कांहीं ओझें टाकून देतात! आम्हीं त्याच रात्रीं जाण्याचें ठरविलें. शिवाय रुपें ह्या पदार्थाशीं आमच्या घराचा एक जुना हिशेब आहे. तो पुढें येईलच.

हा मुलूख पूर्वीं इवामी प्रांत म्हणून ओळखला जाई. आतां तो शिमाने जिल्ह्यांत मोडतो. 'गिन्' म्हणजे रुपें, म्हणून ह्या खाणीस इवामी गिन्झान् म्हणतात, आणि २००७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत तिची गणना झाली. ओसाकाहून ओकायामापर्यंत वाऱ्याच्या वेगाची शिंकान्सेन गाडी, पुढें डोंगरांतून वळणें घेत इझुमोपर्यंत दुसरी, आणि तेथून पश्चिमेकडे ओदा गांवापर्यंत तिसरी, असा प्रवास आहे. रात्रीं ओदा येथें मुक्काम करून सकाळच्या बसनें अर्ध्या तासांत आम्ही ओमोरी येथें उतरलों. सूनबाईंनीं बरोबर धपाटे व लिंबाचें लोणचें बांधून दिलें होतें. शाकाहारी माणसास त्या देशांत हा आधार फार मोठा.

ओमोरी हें खोऱ्यांत वसलेलें एका गल्लीचें गांव. दोहों बाजूंस लांकडी घरें, त्यांवर तांबूस झिलईचीं कौलें, दारांत फुलांच्या कुंड्या. येथें शोगुनांचा सरकारी अधिकारी राहत असे. त्यास 'दाइकान्' म्हणत. आपण मामलेदार समजूं. त्याच्या कचेरीच्या जागीं आतां संग्रहालय आहे. एके काळचा गजबजाट ओसरून गेल्यावर कांहीं गांवें केविलवाणीं दिसतात, तसें हें दिसत नाहीं. घरें पुसलेलीं, ओढ्याचें पाणी स्वच्छ, आणि वाटेंत भेटणारा प्रत्येक म्हातारा वाकून नमस्कार करणारा. आम्हांस वाकण्याची संवय लवकरच झाली. कंबरेनें मात्र थोडी कुरकुर केली.

खाणीची जन्मकथा अशी सांगतात. १५२६-२७ च्या सुमारास हाकाता बंदराचा कामिया जुतेइ नांवाचा व्यापारी तांबें खरेदी करण्यासाठीं ह्या किनाऱ्यानें गलबतांतून चालला होता. समुद्रांतून त्याला एक डोंगर झळकतांना दिसला. तांडेलास विचारितां तो म्हणाला, त्या डोंगरावर कान्नोन् देवतेचें स्थान आहे, तिचाच तो प्रकाश. व्यापाऱ्यानें आधीं देवीचें दर्शन घेतलें आणि मग डोंगर खणावयास लाविला. कान्नोन् म्हणजे आपला अवलोकितेश्वर. जगाचें रडणें ऐकणारी ही देवता, आणि तिच्याच प्रकाशानें हा सगळा उद्योग सुरू झाला असें म्हणतात! कथेंत खरें किती हें कोणी सांगावें. पण पुढें त्या डोंगरांत जें रडणें झालें तें ऐकावयास अशीच कोणी देवता जवळ हवी होती.

गांवापासून खोऱ्याच्या वरच्या टोंकापर्यंत सुमारें तीन किलोमीटर चालावें लागतें. डाव्या-उजव्या हातास झाडींत काळीं भोकें दिसूं लागतात. हींच खाणीचीं तोंडें. त्यांस 'माबु' म्हणतात. सहाशेंहून अधिक अशीं तोंडें ह्या डोंगरावर मोजलीं आहेत. कांहीं इतकीं अरुंद कीं त्यांत मुंगूस शिरेल, माणूस कसा शिरला असेल असा प्रश्न पडावा. जेथें पूर्वीं कामकऱ्यांचीं घरें होतीं तेथें आतां बांबूचें रान माजलें आहे. वारा आला कीं तें बांबू एकमेकांवर घासून कर्रकर्र वाजतात. दुसरा आवाज नाहीं.

वाटेंत रानांत दगडी बांधकामाच्या मोठमोठ्या पायऱ्या दिसल्या. आम्हांस तो एखादा किल्लाच वाटला. १८९५ सालीं एका धनाढ्य मंडळीनें अपार पैसा घालून उभारलेला तो रुपें गाळण्याचा कारखाना होता. दीड-एक वर्षांत तो बंद पडला. ज्या खनिजाच्या भरंवशावर तो बांधला त्यांत पुरेसें रुपेंच निघेना. आतां त्यावर शेवाळ चढलें आहे. असो.

र्युगेन्जी-माबु नांवाचें एक भुयार आंत जाऊन पाहतां येतें. तें १७१५ सालीं खोदावयास घेतलें. एकंदर लांबी सुमारें सहाशें मीटर. पैकीं १५७ मीटरपर्यंत जाऊं देतात. आंत शिरतांच थंडी अंगास झोंबली. भिंतींवर छिन्नीचे घाव अजून ताजे दिसतात. बाजूंना शिरांच्या मागोमाग गेलेल्या लहान लहान फांद्या आहेत. रुप्याची शीर जिकडे वळे तिकडे माणूस कुशीवर होऊन, पालथा पडून खणीत जाई. उजेडासाठीं शंखाच्या कवचींत तेल घालून वात लावीत. आमचा हात भिंतीस लागला तेव्हां बोटें ओलीं झालीं. "बाबा, डोकें सांभाळा," असें चिरंजीव दर पांच पावलांवर म्हणत होते, आणि आम्ही दर पांच पावलांवर तें विसरत होतों.

त्या धुळीनें, दिव्याच्या काजळीनें आणि दूषित हवेनें खाणकऱ्यांचीं फुफ्फुसें सडत. ह्या रोगास तेथें 'केदाए' म्हणत. तीस वर्षें वय गांठणारा खाणकरी इतका विरळा कीं त्याचें तिसावें वर्ष सणासारखें साजरें करीत. तांबड्या कडधान्याचा भात आणि मासा वाढीत, असें सांगतात. आपण षष्ट्यब्दिपूर्ति करितों, आमचीहि झाली. तीस वर्षांची शांति करणारें गांव आम्हीं पहिल्यानेंच ऐकिलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका वैद्यानें ह्या लोकांसाठीं मुखपट्टी काढिली. तारेच्या चौकटीवर रेशमी कापड आणि त्याच्या आंतल्या बाजूस 'उमे' नांवाच्या जर्दाळूच्या जातीच्या आंबट फळाचा खारवलेला गर लाविलेला. आंबट वासानें तोंडास पाणी सुटे आणि धूळ तेथेंच अडे. लोणच्यानें जीव वाचविण्याची ही युक्ति आम्हीं धपाट्यांशीं लिंबाचें लोणचें खातांना पुन्हां आठविली, आणि तो घांस कांहीं वेळ तसाच हातांत राहिला.

भुयाराच्या पलीकडे शंभरएक उभ्या पायऱ्या चढल्यावर साहिमेयामा देवस्थान लागतें. येथील देव कानायामाहिको, म्हणजे धातूंचा आणि खाणींचा स्वामी. खाणींत उतरण्यापूर्वीं कामकरी येथें हात जोडीत. देऊळ मोठें, लांकडी, निर्जन. आम्हीं आपल्या पद्धतीनें नमस्कार केला आणि चिरंजीवांनीं त्यांच्या पद्धतीनें दोन टाळ्या वाजविल्या. देवानें कोणता नमस्कार आधीं घेतला असेल तें असो.

येथून पुढें रानांतली चढण. वयास साजेसें आम्ही थांबत थांबत चढलों. माथ्याजवळ इशिगाने नांवाची सपाटी आहे. आज तेथें गवत आणि झाडें. पण उत्खनन केल्यावर सोळाव्या-सतराव्या शतकांतील घरांचे चौथरे, रस्ते आणि धातु गाळण्याच्या जागा सांपडल्या. एवढ्या उंचावर गजबजलेलें गांव! कारण उत्तम खनिज माथ्याजवळच होतें. त्यास 'फुकुइशि' म्हणजे भाग्याचा दगड म्हणत.

ह्या डोंगराच्या उत्कर्षाचें खरें कारण मात्र दगडांत नव्हतें, गाळण्याच्या विद्येंत होतें. १५३३ सालीं कोरियाकडील एक रीत येथें आली. कुटलेलें खनिज शिशाबरोबर वितळवावयाचें; शिसें रुप्यास आपल्यांत ओढून घेतें. मग तो गोळा राखेच्या खळग्यांत ठेवून भात्यानें वारा घालीत तापवावयाचा. शिसें जळून राखेंत जिरतें आणि शुद्ध रुपें वर उरतें. रुपें चौथा हिस्सा शिसें घालून शुद्ध करावें, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि सांगितलें आहे. तें प्रकरण आम्हीं तरुणपणीं वाचिलें होतें, आणि विभक्ति लावून अर्थ केला कीं आपलें काम संपलें असें समजलों होतों. शिशाचा धूर विषारी असतो, आणि तो कोणाच्या तरी नाकांत जातो, हें ध्यानांत यावयास ह्या डोंगरावर यावें लागलें.

माथ्यावरून उत्तरेकडे समुद्राची फिकट रेघ दिसली. तेथल्या तोमोगाउरा आणि ओकिदोमारि ह्या लहानशा बंदरांतून रुपें बाहेर पडे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभीं जगांतील रुप्याचा सुमारें तिसरा हिस्सा जपानांतून येई, आणि त्यांतला मोठा भाग ह्या डोंगराचा, असें विद्वान् मानतात. तें मिळविण्यासाठीं पोर्तुगीजांचीं गलबतें दरसाल मकाओहून नागासाकीस रेशीम घेऊन येत, आणि त्या सफरीचा कारभार आपल्या गोव्यांतून चाले. झेवियर पाद्रीहि १५४९ सालीं गोव्याहूनच जपानास गेला, आणि आज त्याचें शव गोव्यांतच आहे. युरोपांत १५९५ सालीं छापलेल्या जपानच्या नकाशावर ह्या प्रांतापाशीं रुप्याच्या खाणी म्हणून लॅटिन अक्षरें आहेत. गोव्याच्या पेठेंत जें रुपें खणखणलें त्यांतलें कांहीं सह्याद्रीचे घाट चढून आपल्या देवघरांत आलें असेल काय, असा विचार मनांत आला. तो निव्वळ विचारच. आधार कांहीं नाहीं. पण त्यानें आम्हांस घरीं नेलें.

तीर्थरूप वारल्यावर आमच्या घरीं वांटणी झाली. जमिनीचें, घराचें निमूटपणें झालें. रुप्याच्या भांड्यांपाशीं अडलें. ओसरीवर सराफ तराजू घेऊन बसला होता. समया, तबकें, अत्तरदाणी, सर्व तोळ्यांवर आलें. मातोश्रींनीं माहेराहून आणिलेलें पूजेचें ताम्हन धाकट्या बंधूंनीं मागितलें. देवघर वडील भावाकडे, म्हणून ताम्हनहि आमच्याकडे, असें आम्ही म्हणालों. शास्त्र आमच्या बाजूस होतें; तीन वचनें आम्हीं तेथल्या तेथें काढून दाखविलीं. बंधु म्हणाले, "दादा, वचनें राहूं द्या. तुम्हीच ठेवा." त्यांनीं वजनाइतके पैसेहि घेतले नाहींत. ते गेले ते अकरा वर्षें आमच्या उंबऱ्याच्या आंत आले नाहींत, आणि दीड वर्षापूर्वीं निवर्तले. ताम्हन रोज आमच्या हातांत असतें.

डोंगर उतरतांना आम्ही फारसें बोललों नाहीं. चिरंजीवांस वाटलें कीं आमचे गुडघे दुखत आहेत. दुखत होतेच.

ओमोरींत परतल्यावर इदो देवस्थानापाशीं क्षणभर थांबलों. इदो हेइझाएमोन् हे १७३१ सालीं येथें मामलेदार होऊन आले तेव्हां त्यांचें वय साठ होतें. पुढच्याच वर्षीं पश्चिम जपानांत मोठा दुष्काळ पडला. त्यांनीं सरकारी कोठारें उघडलीं, कर माफ केले, आणि सात्सुमा प्रांतांतून रताळीं आणवून ह्या मुलखांत लाविलीं. १७३३ सालीं ते वारले. लोक त्यांस अजून 'रताळ्यांचा मामलेदार' म्हणतात, आणि त्यांच्या स्मरणाचे दगड ह्या किनाऱ्यावर गांवोगांव आहेत. पेन्शनीच्या वयांत दोन वर्षांत एवढें काम! आमच्या पेन्शनीचीं वर्षें कशांत गेलीं तें आम्हीं मनांत मोजिलें आणि पुढें निघालों. चिरंजीवांनीं वाटेंत भाजलेलें रताळें घेऊन दिलें. एकादशीच्या रताळ्याहून गोड होतें.

राकान्-जी हें देवालय शिंगोन् पंथाचें. 'शिंगोन्' ह्याचा अर्थच मंत्र. त्या पंथांत आजहि संस्कृत बीजाक्षरें जुन्या सिद्धम् लिपींत लिहितात. देवळासमोर ओढा, ओढ्यावर दगडी कमानीचे तीन लहान पूल, आणि पलीकडच्या कातळांत तीन लेणीं. मधल्या लेण्यांत शाक्यमुनि आहेत. दोहों बाजूंच्या लेण्यांत अडीचशें-अडीचशें अर्हत् बसले आहेत. खाणींत मेलेल्यांच्या आणि आपल्या पूर्वजांच्या सद्गतीसाठीं येथल्या लोकांनीं हें काम आरंभिलें. जवळच्या फुकुमित्सु गांवच्या शिलाकारांनीं वीसाहून अधिक वर्षें खपून तें केलें आणि १७६६ सालीं पुरें झालें. ज्या छिन्नीनें ह्या डोंगरानें माणसें खाल्लीं, तिच्याच जातीच्या छिन्नीनें तीं परत काढिलीं, असें आम्हांस वाटलें.

लेणें लहान. आपल्याकडील कार्ले-अजिंठ्याच्या भव्यतेची येथें अपेक्षा करूं नये. ओळीवर ओळी करून लहान मूर्ति बसविल्या आहेत, आणि एकीसारखी दुसरी नाहीं. कोणी हंसतो आहे, कोणी आकाशाकडे पाहतो आहे, कोणी शेजाऱ्याच्या कानाशीं लागला आहे, कोणी पेंगतो आहे. देवत्व असें कोठेंच नाहीं. लग्नाच्या पंगतीस बसलेल्या आप्तेष्टांसारखे दिसतात. ओलाव्यानें कांहींचीं नाकें झिजलीं आहेत. पांचशें अर्हतांच्या मेळ्यांत आपल्या गेलेल्या माणसाचें तोंड सांपडतें, अशी जपानांत जुनी समजूत आहे. चिरंजीवांनीं ती बाहेरच सांगितली होती आणि आम्हीं हंसण्यावारी नेली होती.

उजव्या लेण्यांत, मागच्या ओळींत, कोपऱ्याकडे एक अर्हत् आहे. मान थोडी कललेली, एक गाल आंतून जिभेनें फुगविल्यासारखा. आमचे बंधु लहानपणीं गणित सोडवितांना अगदीं तसेंच करीत, आणि आम्ही त्याबद्दल त्यांस टपली मारीत असूं. आम्ही तेथें किती वेळ उभे होतों तें सांगतां येणार नाहीं. मागून चिरंजीवांनीं हळूच विचारिलें, "कोण दिसलें, बाबा?"

"तुझा काका," आम्ही म्हणालों.

त्यानें वाकून पाहिलें. मग म्हणाला, "काकाच." त्याच्या काकांनीं त्यास पोहावयास शिकविलें होतें, वांटणीनंतर तो त्यांच्याकडे चोरून जात असे, हें आम्हांस त्या लेण्यांत कळलें. घरांतलें माणूस अकरा वर्षें काय करीत होतें तें कळावयास इवामीपर्यंत जावें लागलें. आम्हीं त्यास विचारिलें, "ते कांहीं म्हणत असत काय?" तो म्हणाला, "ताम्हनाचें कधींच नाहीं. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करीत."

ओढ्यावरचा पूल उतरतांना त्यानें आमचा हात धरिला. देवळाच्या दाराशीं बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनीं वांकून निरोप दिला. शेवटच्या बसला अर्धा तास होता. गांवांत दिवे लागत होते आणि वर डोंगर काळा होत चालला होता.

घरीं परतल्यावर आम्हीं भावजयींस पत्र लिहिलें. बंधूंच्या नातवाची मुंज वैशाखांत आहे असें ऐकलें होतें. तिच्यासाठीं ताम्हन घेऊन आम्ही स्वतः यावें काय, असें विचारिलें. वचनें एकहि घातलीं नाहींत. ताम्हन चिंचेनें घासून, जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून देवघराच्या कोनाड्यांत ठेविलें आहे. पूजेस सध्यां तांब्याचें घेतों. पत्रास सोळा दिवस झाले. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.